साक्षीदाराच्या रकान्यातील पत्नी

सोमवार, दिनांक १४ डिसेंबर २००९

प्रति,
मा. तहसीलदार तथा कार्यक्रम अधिकारी,
ग्रामीण रोजगार हमी योजना,
तालुका मुळशी, मुक्काम पौड, जिल्हा पुणे.

अर्जदार : सौ. रंभाबाई हैबतराव पडळघरे, राहणार वाघजाईची वाडी, रिहे खोरे.

विषय : बेरोजगार भत्त्याच्या डाकघर खात्यास अन्य स्त्रीचे छायाचित्र व अंगठा लागल्यामुळे भत्ता मिळत नसलेबाबत, तसेच अर्जदार हीच आपल्या पतीची पत्नी असल्याची नोंद होऊन मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचा भत्ता मंजुरीचा आदेश.
२) डाकघर खात्याच्या चौकशीतील शेरा : "अर्जदार पतीचे नाव सांगू शकली नाही."

महोदय,

आपल्या पदाचा मान राखून आणि आपल्या वेळेचे मोल जाणून हा अर्ज लेखनिकाकरवी किंचित विस्ताराने सादर केला आहे. यापूर्वीचे दोन अर्ज थोडक्यात लिहिले होते. ते "मजकुराचा बोध होत नाही" अशा शेऱ्यासह परत आले. बोध न होण्यात वाचणाऱ्याचा दोष नव्हता. प्रकरणच असे आहे की ते मुळापासून सांगितल्यावाचून उमगत नाही.

१. गेल्या शिमग्यानंतर वाडीतील स्त्रियांनी टेकडीवर समतल चर खोदण्याचे काम मिळावे म्हणून ग्रामपंचायतीत रीतसर मागणी केली. ठरलेल्या मुदतीत काम निघाले नाही. कायद्याने अशा वेळी बेरोजगार भत्ता द्यावा लागतो, आणि तो आपण उदार मनाने मंजूर केला, याबद्दल सर्व स्त्रिया आपल्या ऋणी आहेत. भत्ता रोख न देता प्रत्येकीच्या स्वतःच्या नावाच्या डाकघर खात्यात जमा व्हावयाचा होता. अर्जदार रंभाबाईंनी संसारात भात लावले, कापले, झोडले, गुरे राखली. परंतु त्यांच्या नावाने जगात कोठे काही जमा झाले आहे असे आजवर घडले नव्हते. सातबारा पतीच्या नावाचा, शिधापत्रिका पतीच्या नावाची, म्हशीचा विमासुद्धा पतीच्याच नावाचा. म्हणून खाते उघडण्याच्या दिवशी त्या ठेवणीतले लुगडे नेसून, कपाळभर कुंकू लावून खोऱ्यातील शाखा डाकघरात गेल्या.

२. त्या दिवशी नेहमीचे डाकपाल चंद्रकांत हे रजेवर होते. चंद्रकांत याच खोऱ्यातले. कोण कोणाची सून आणि कोणाची माहेरवाशीण हे त्यांना तोंडपाठ. त्यांच्या जागी निरंजन नावाचे मराठवाड्याकडील तरुण गृहस्थ आले होते. स्वभावाने सज्जन, कामाला चपळ. परंतु एकही चेहरा ओळखीचा नाही. स्त्रियांची छायाचित्रे पौडच्या छायाचित्रकाराने एकत्रच काढून दिली होती, ती बिस्किटाच्या एका रिकाम्या डब्यात सुटी पडली होती. निरंजन अर्जावरचे नाव वाचीत, समोरच्या स्त्रीला तिच्या पतीचे पूर्ण नाव विचारून पडताळा घेत, आणि मग डब्यातून तिचे छायाचित्र शोधून चिकटवीत.

३. अर्जदारांची पाळी आली. निरंजन यांनी विचारले, "पतीचं पूर्ण नाव सांगा." आता, महोदय, आमच्या भागातील जुन्या वळणाची सुवासिनी पतीचे नाव उच्चारीत नाही, हे आपणांस विदित आहेच. मंगलप्रसंगी उखाण्यात गुंफून घेतले तर घेतले, एरवी नाही. बाहेर कोणी विचारले की शेजारी उभी असलेली बाई ते नाव सांगते, आणि उद्या तिच्यावर वेळ आली की ही तिचे सांगते. हा परस्परांचा व्यवहार पिढ्यान् पिढ्या बिनबोभाट चालत आला आहे. त्याप्रमाणे अर्जदार मान खाली घालून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या हौसाबाई बबन मेंगडे यांनी पुढे होऊन सांगितले, "हैबतराव राघू पडळघरे."

४. निरंजन यांनी वर पाहिले. जी बोलली तीच रंभाबाई, असे समजून त्यांनी डब्यातून हौसाबाईंचे छायाचित्र काढून अर्जदारांच्या पासबुकावर चिकटविले, आणि "इथं अंगठा द्या" म्हणून हौसाबाईंचा हात धरून खातेदाराच्या रकान्यात टेकविला. आपण साक्षीला अंगठा देत आहोत अशी हौसाबाईंची समजूत झाली. अर्जदारांनी साक्षरता वर्गात सही गिरवली आहे. "आणि तुम्ही इथं सही करा" असे सांगितल्यावर त्यांनी मोठ्या अभिमानाने, सावकाश, वेलांट्या-मात्रांसह सही केली. ती साक्षीदाराच्या रकान्यात होती. पासबुक निरंजन यांनी अर्थातच छायाचित्रातल्या बाईच्या हाती दिले. "तुमचं झालं मावशी, पुढची या," म्हणाले. हौसाबाईंना वाटले, आपलेही काम यातच उरकले. डब्यात उरलेले अर्जदारांचे छायाचित्र जास्तीचे समजून तेही हौसाबाईंच्याच मुठीत देण्यात आले. अर्जदारांना सांगण्यात आले की तुमचे पासबुक मागाहून येईल, आणि त्या समाधानाने घरी आल्या.

५. प्रमाद उघडकीस आला तो गौरी-गणपती उरकल्यानंतर, भत्ता जमा झाल्याच्या दिवशी. हौसाबाई रांगेत पुढे होत्या, अर्जदार चार जणींमागे. चंद्रकांत यांनी पासबुक उघडले, चष्मा पुसला, पुन्हा उघडले, आणि म्हणाले, "हौसाआत्या, हे पुस्तक तुझं न्हाई. तोंड मातूर तुझंच हाय." मग त्यांनी नाव मोठ्याने वाचले : रंभाबाई हैबतराव पडळघरे. मग एकीने तोंडाला पदर लावून म्हटले, "अगं बया, हौसे! कवा लागलं गं लगीन? आमाला ना वरात, ना जेवान!" दुसरी म्हणाली, "आन् साक्षीला कोन? थोरली सवतच की गं!" हसण्याने डाकघराचे पत्रे दणाणले. हौसाबाईही हसल्या. अर्जदार तेवढ्या हसल्या नाहीत.

६. या ठिकाणी एक पूर्ववृत्त निवेदन करणे प्राप्त आहे. ते या अर्जाशी असंबद्ध वाटण्याचा संभव आहे. तसे ते नाही. हैबतरावांचा विवाह अर्जदारांशी ठरण्यापूर्वी त्यांची सोयरीक शेजारच्या वाडीतील याच हौसाबाईंशी जुळत आली होती. सुपारी फुटली होती. पुढे दोन्ही घरांचे देवक एकच निघाले, आणि एका देवकाची घरे परस्परांत सोयरीक करीत नाहीत, म्हणून वडीलधाऱ्यांनी बोलणी मोडली. कोणाचा कोणावर राग राहिला नाही. हौसाबाई मेंगड्यांच्या घरी दिल्या गेल्या; पती लवकर निवर्तल्यावर भावाकडे परत आल्या, आणि आता त्यांच्या शेळ्या दररोज पडळघऱ्यांच्या बांधावरून जातात. अर्जदार कासार आंबोलीहून सून होऊन आल्या, त्यांना ही हकीकत हळदीच्या अंगानेच समजली. तेव्हापासून आजतागायत त्यांनी ती एकदाही तोंडावाटे काढली नाही. जी गोष्ट तोंडावाटे निघत नाही ती कोठे जाते, हे आपल्यासारख्या विद्वानास सांगणे नलगे.

७. चंद्रकांत यांनी अर्जदारांस बाजूस घेऊन सांगितले, "वैनी, मला ठावं हाय तुमी कोन. पन कागदाला ठावं न्हाई." नमुन्याचा अंगठा हौसाबाईंचा, छायाचित्र हौसाबाईंचे, अर्जदारांच्या सहीवर पैसे देता येत नाहीत. यावर त्यांनी व्यावहारिक तोड सुचविली : उभयतांनी मिळून यावे, हौसाबाईंनी अंगठा द्यावा, रक्कम घ्यावी आणि तेथल्या तेथे अर्जदारांच्या हाती ठेवावी. हौसाबाई त्याच सायंकाळी बांधावरून हाक मारून म्हणाल्या, "वैनी, चल की उद्याच! अंगठा माझा, पैसं तुझं. मला त्या पुस्तकाचं वझं झालंया." हैबतरावही म्हणाले, "जा की. हितं कुनाचं काय जातंया?"

८. अर्जदारांनी उत्तर दिले ते त्यांच्याच शब्दांत देतो : "माझ्या नावाचं, आन् तिच्या हातनं घिऊ? त्यापरीस उन्हातान्हात चर खांदीन, फुकाट खांदीन." हा हट्ट आहे, असे वाडीचे मत पडले. परंतु प्रश्न रकमेचा नव्हता. अर्जदारांना सलत होते ते निराळेच. डाकघरात हौसाबाईंनी ते नाव ज्या रीतीने घेतले ती रीत. शेजारीण सांगते तेव्हा जरा थबकते, "त्ये न्हाई का, ह्येंचं मालक," म्हणत आडून येते, आडनावापाशी अडखळते. हौसाबाई अडखळल्या नाहीत. नाव, बापाचे नाव, आडनाव, एका दमात, जणू इतकी वर्षे जिभेवर घोळवून ठेवलेले. जे नाव अर्जदारांनी लग्नात उखाण्यात एकवार घेतले आणि नंतर मर्यादेपायी ओठांआड ठेवले, ते दुसरीने भर कचेरीत खडीसाखरेसारखे तोंडात टाकले. अर्जदार म्हणतात, "मी राखलं, आन् तिनं वापारलं."

९. प्रकरण तरीही समजुतीने मिटले असते; परंतु हौसाबाईंनी पासबुक घरी आणून दिले, आणि हैबतरावांनी ते पाहण्यास मागितले. उजेडात धरून निरखले, आणि म्हणाले, "फोटो मातूर झ्याक आलाया." हेतू निर्मळ असावा. परंतु त्या दिवसापासून त्या घरी भाकरी थापली जाते, वाढली जात नाही. ज्याची त्याने उतरंडीवरून घ्यावी लागते. तसेच, हैबतराव पूर्वी बाजाराच्या दिवशी तेवढी दाढी करीत, ते आता मधल्या वारीही करतात. हौसाबाईंनी दिवाळीत हिरव्या काठाचे नवे लुगडे नेसले. आणि त्यांच्या शेळ्या पूर्वी बांधावरून ओढ्याकडे उतरत त्या आता थेट दारावरून जातात. या बाबी पुरावा म्हणून ग्राह्य नाहीत असे अर्जदारांस समजावून सांगितले. तरी त्या अर्जात असाव्यात असा त्यांचा आग्रह राहिला, म्हणून नमूद केल्या आहेत. शेळ्यांबाबत हैबतरावांचे म्हणणे असे की ओढ्याकडची वाट बंगलेवाल्यांनी तारेचे कुंपण घालून बंद केली. अर्जदारांस हे म्हणणे मान्य नाही.

१०. तक्रारीवरून चौकशीस डाकघर खात्याचे एक अधिकारी आले. त्यांनी पुरावे मागितले. रोजगार पत्रिकेवर पती-पत्नीचे एकत्र छायाचित्र आहे. पण ते काढतेवेळी थोरले दीर समोर उभे होते, त्यामुळे अर्जदारांचा पदर हनुवटीपर्यंत आला असून आत कोणतीही स्त्री असू शकेल. मतदार ओळखपत्रावरील छायाचित्र इतके काळवंडले आहे की ते हैबतरावांचेही म्हणता येईल. शेवटी अधिकाऱ्यांनी दोघींना ग्रामपंचायतीच्या ओट्यावर समोर उभे केले. शेतावरून हैबतरावांना बोलावून घ्यावे असे कोणी सुचविले, अधिकारी म्हणाले, "त्यांना विचारून काय? ते दोघींनाही 'हो' म्हणतील." ओट्याभोवतीची मंडळी हसली. मग त्यांनी अर्जदारांना विचारले, "पतीचं नाव सांगा."

११. अर्जदार पुन्हा थिजल्या. परंतु प्रसंग ओळखून त्यांनी मनाशी बांधलेला उखाणा सुरू केला :

"आंबेमोहराच्या खाचरात गुडघाभर पाणी,
चिखलात लावते रोपं, ओठावर गाणी,
दारात तुळस, देव्हाऱ्यात समई…"

महोदय, उखाण्यात नाव येते ते चौथ्या चरणात. अधिकाऱ्यांनी तिसऱ्यातच हात वर केला. "बाई, कविता नको. नाव सांगा, नाव." चरण मोडला, आणि मोडलेला उखाणा पुन्हा सांधता येत नाही. अर्जदारांच्या डोळ्यांत पाणी आले. मग अधिकारी हौसाबाईंकडे वळले. येथे हौसाबाईंच्या बाजूने एक गोष्ट सांगणे धर्म आहे : त्या बोलत नव्हत्या. पदराचे टोक दातांत धरून उभ्या होत्या. "दोघी मुक्या आहात काय?" असे अधिकारी ओरडले, तेव्हा त्या अर्जदारांकडे पाहून हळूच म्हणाल्या, "वैनी, आता काय करू गं?" आणि मग बोलल्या. तेच. एका दमात. बापाच्या नावासकट.

अधिकाऱ्यांनी "मूळ नोंद बरोबर दिसते" असे म्हणून संदर्भातील शेरा लिहिला. आक्षेप न आल्यास या महिनाअखेर ती नोंद कायम होणार आहे.

१२. म्हणजे, महोदय, महिनाअखेरीनंतर सरकारदप्तरी हैबतराव राघू पडळघरे यांची पत्नी म्हणून हौसाबाईंचा चेहरा राहील, आणि त्या गोष्टीस साक्षीदार म्हणून सही राहील अर्जदारांची, तीही वळणदार. विवाहाच्या वेळी देवकाने जे होऊ दिले नाही, ते डाकघराने करून दाखविले. अर्जदार म्हणतात, भत्ता बुडाला तरी चालेल. भात झोडून झाले आहे, कणगी भरली आहे. परंतु मत्सराने माणूस किती जागे राहते हे त्यांना या वयात कळू नये होते. भात कापताना प्रत्येक मुठीबरोबर त्या ते नाव घेऊन पाहत. पहिल्या अक्षरापाशी जीभ टाळूला लागे आणि तेथेच राही. पलीकडच्या बांधावर मात्र हौसाबाई शेळ्यांना हाका घालीत, आणि त्या प्रत्येक हाकेत अर्जदारांना तेच नाव ऐकू येई.

१३. अर्ज लिहून घेण्यास त्या माहेरगावच्या लेखनिकाकडे आल्या, आणि लेखनिकासह परत वाडीस गेल्या, कारण एक साक्ष जोडणे आवश्यक होते. डाकघरातील प्रसंग जवळून पाहिलेली साक्षीदार एकच. दुसरी कोणीही चालेल काय, असे अर्जदारांनी तीन प्रकारे विचारून पाहिले. अखेर स्वतःच हौसाबाईंच्या दारी गेल्या. एवढ्या वर्षांत प्रथमच. तेथे असे आढळले की अर्जदारांचे ते जास्तीचे छायाचित्र हौसाबाईंनी उंदीर-झुरळ लागू नये म्हणून काचेच्या बरणीत, हळकुंडांसोबत ठेवले आहे. आणि असेही आढळले की हौसाबाईंच्या स्वतःच्या नावे खाते उघडलेच गेले नाही, त्यांचा भत्ता परत गेला, आणि त्यांनी कोणाकडे तक्रार केली नाही. का केली नाही, असे अर्जदारांनी विचारले. त्या म्हणाल्या, "काय सांगू? आधीच लोकं म्हणत्यात, फुकाटचा नवरा गावला हिला. वर पैसं बी मागू?" अर्जदारांनी आपले छायाचित्र बरणीतून काढून घेतले.

१४. सबब, नम्र विनंती अशी :

(अ) खात्यावरील हौसाबाईंचे छायाचित्र व अंगठा काढून अर्जदारांचे छायाचित्र व सही घ्यावी, आणि साक्षीदाराच्या रकान्यातील अर्जदारांची सही रद्द करावी.

(आ) हौसाबाईंचे खाते त्यांच्या स्वतःच्या नावे, त्यांच्या कैलासवासी पतीच्या नावासह उघडावे व परत गेलेला भत्ता त्यात जमा करावा. हे कलम अर्जदारांनी स्वतः घालावयास सांगितले आहे. त्यामागे दया आहे, की हौसाबाईंच्या नावापुढे मेंगडे हे आडनाव सरकारी शाईने पक्के व्हावे ही इच्छा आहे, याचा उलगडा लेखनिकास झालेला नाही.

(इ) सुनावणीसाठी दोघींना आपल्या समक्ष बोलवावे. पतीचे नाव आपण प्रथम अर्जदारांनाच विचारावे. त्या सांगेपर्यंत हौसाबाईंना काहीही विचारू नये.

१५. शेवटचे कलम लिहून झाल्यावर लेखनिकाने शंका काढली की सुनावणीतही जीभ अडली तर? उखाणा चौथ्या चरणापर्यंत म्हणू द्यावा, अशी विनंती घालू काय? अर्जदार म्हणाल्या, "उखाना नगं. तिनं कुटं उखाना घेतला? मी बी तसंच घिईन." आणि घरच्या पडवीत उभ्या राहून, डोळे मिटून, त्यांनी ते नाव घेतले. नाव, बापाचे नाव, आडनाव. एका दमात नव्हे. मध्ये दोनदा थांबून. परंतु पुरे घेतले, आणि गोठ्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात घेतले.

गोठ्यातून हैबतरावांनी "ओ!" दिली. त्या घरातून बाईच्या आवाजात त्यांना नावाने हाक कधी आली नव्हती, म्हणून शेणाचे हात तसेच धरून लगबगीने बाहेर आले आणि अंगणात इकडेतिकडे पाहू लागले. "कोन हाय? कोन आलंया?"

अर्जदार म्हणाल्या, "कोन यायाचंय? आमीच हाय."

हैबतराव हात धुऊन घरात आले. त्या दिवशी त्यांना भाकरी वाढण्यात आली.

येणेप्रमाणे सत्य तेवढे निवेदन केले आहे. महिनाअखेरीपूर्वी आपल्या न्यायाचा हात या नावावर पडावा, एवढीच प्रार्थना.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,

(सही) सौ. रंभाबाई हैबतराव पडळघरे
अर्जदार, व स्वतःच्या पतीची पत्नी

लेखनिक : अण्णासाहेब वैशंपायन, कासार आंबोली (अर्जदाराच्या सांगण्यावरून लिहिले, वाचून दाखविले, मान्य)

सोबत जोडले आहे :
१. पासबुक, हौसाबाईंच्या छायाचित्रासह. (छायाचित्र काढून झाल्यावर ते हौसाबाईंना परत द्यावे, हैबतरावांकडे देऊ नये.)
२. अर्जदारांचे छायाचित्र. हळदीचा किंचित डाग आहे. चेहरा स्पष्ट आहे.
३. रोजगार पत्रिकेची प्रत. पदराच्या आत अर्जदारच आहेत.

साक्षीदार : हौसाबाई बबन मेंगडे, डाव्या हाताचा अंगठा. (अर्जदारांनी रकाना स्वतः बोट ठेवून दाखविला, आणि अंगठा रेषेबाहेर गेला नाही याची खात्री करून घेतली.)